पाव गोळी

आमच्या घरात मांजर नव्हती असा काळ मला आठवत नाही. अम्मीच्या मते मांजर पाक, ती घरभर फिरली तरी हरकत नाही. कुत्रा मात्र उंबरठ्याच्या बाहेर. भाकर त्यालाही रोज मिळायची, पण तो आत डोकावला की अम्मी झाडू घेऊन उठायची.

बिजली आमची चौथी की पाचवी मांजर. गेल्या मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४६ च्या वर होता, तेव्हा तिने खाणं सोडलं. कूलरसमोर अंग चोरून बसायची. हात लावला तर कान गरम. ताप आहे, असं मीच ठरवलं आणि घरात तापावर जे असतं तेच दिलं. पॅरासिटामॉलच्या गोळीचा पाव तुकडा, दुधात कालवून. लहान लेकरांना देतात, मग मांजरीला काय होणार, हा माझा हिशोब.

रात्री तिची लाळ गळू लागली. सकाळी तोंड सुजलेलं, पंजे सुजलेले, धाप लागलेली. हिरड्या गुलाबी राहिल्या नव्हत्या, मातकट दिसत होत्या.

"काय देलं इले?" डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला.

"काहीच नाही," मी म्हणालो. अम्मी शेजारी उभी होती, बाकावर ओळखीचे दोघं बसले होते. सलाईन सुरू झाल्यावर अर्ध्या तासाने त्यांना बाजूला नेऊन खरं सांगितलं.

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे समजावलं. माणसाचं यकृत पॅरासिटामॉल ज्या वाटेने निकामी करून बाहेर टाकतं, ती वाट मांजरीत जवळजवळ नसतेच. मग त्यातून विषारी घटक तयार होतो, तो रक्तातलं हिमोग्लोबिन बिघडवतो आणि रक्ताला ऑक्सिजन वाहून नेता येत नाही. म्हणून हिरड्या मातकट. अ‍ॅसिटिलसिस्टीन नावाचा उतारा आहे, पण तो जितका लवकर मिळेल तितका चांगला. माणसांच्याच मेडिकलमध्ये मिळतो. तिसऱ्या दुकानात मिळाला. बिजली दुसऱ्या दिवशी दुपारी गेली.

निघताना डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली. निरोगी मांजरीचं तापमानच ३८ ते ३९ अंश असतं, त्यामुळे आपल्या हाताला ती नेहमीच गरम लागणार. म्हणजे बिजलीला ताप होता की नुसता उन्हाचा त्रास, हेही मला कधी कळणार नाही.

त्यानंतर मी त्या दवाखान्यात उगाचच जाऊन बसू लागलो. सर्वांत जास्त पाहिली ती पार्व्होची पिल्लं. ओकारी, रक्ताचे घाण वासाचे जुलाब, दोन दिवसांत कातडं हाडाला चिकटलेलं. लोक आधी हळद देतात, ताक देतात आणि तिसऱ्या दिवशी येतात. सहा ते आठ आठवड्यांचं असताना पहिली लस आणि मग वेळेवर पुढचे डोस, एवढं झालं असतं तर बहुतेक पिल्लं वाचली असती. मोठ्या कुत्र्यांचं दुखणं बहुधा गोचिडांचं. ताप, पांढरट हिरड्या, कधी नाकातून रक्त.

आपल्याकडे ही गोष्ट अंगणापुरती राहत नाही. मोहफुलं वेचायला, गुरं चारायला माणूस जंगलात गेला की गावचं कुत्रं मागोमाग जातं. डिस्टेंपरचा विषाणू कुत्र्याकडून मोठ्या मांजरकुळातही जातो. १९९४ साली आफ्रिकेत सेरेंगेटीतले सुमारे एक तृतीयांश सिंह याच रोगाच्या साथीत मेले. २०१८ साली गीरमध्ये काही आठवड्यांत २३ सिंह गेले, त्यांतल्या काहींत हाच विषाणू सापडला आणि लस अमेरिकेहून मागवावी लागली. ताडोब्याच्या कडेचं एखादं खोकणारं, झटके येणारं कुत्रं दिसलं की मला हे आठवतं.

गेल्या महिन्यात आमच्या दारातल्या काळूला रेबीजची लस टोचली. त्याला धरायला कोणी नव्हतं. शेवटी अम्मीच आली, जुन्या ओढणीने त्याचं तोंड आवळून धरलं, नंतर मोरीत जाऊन सात वेळा हात धुतले.

बिजलीचं निघालं की ती अजूनही म्हणते, उन्हानं गेली बिचारी. मी काही बोलत नाही. अम्मीला मराठी वाचता येत नाही, म्हणून इथे लिहू शकलो.