मदन थंड पडला, तरी पाळीवर हजर

वर्तमानपत्रातले रोजचे शब्दकोडे सोडवताना मला विचार फारसा करावा लागत नाही, आठवावे लागते. ‘कमळ, तीन अक्षरे’ असे वाचले की पंकज, नीरज, अंबुज, सरोज असे उमेदवार रांगेत उभे राहतात, आणि उभ्या शब्दातून एखादे अक्षर मिळेपर्यंत पेन्सिल अडून राहते. यात चूक कुणाची नाही, पण कोडेही नाही. ही समानार्थी शब्दांची उजळणी झाली. श्लेष आणि शब्दांची फोड यांवर रचलेल्या कोड्यात असे होत नाही. तिथे शोधसूत्र एकदा फसवते, मग स्वतःच उत्तराचा पुरावा देते. मराठी वाचकाला हा दुसरा प्रकार जास्त न्याय्य आहे आणि सोपाही, असे माझे मत आहे. तो अवघड, विलायती आणि आपल्या लिपीला न मानवणारा, असा समज मात्र पक्का बसला आहे.

पुराव्यासाठी एकच विषय धरतो, चिंचोळी एमआयडीसी. सोलापूरहून पुण्याकडे निघाले की मोहोळ तालुक्याच्या हद्दीत ही औद्योगिक वसाहत लागते. रसायने, औषधे, कापड, यंत्रांचे सुटे भाग असा तिथला कारभार. या विषयाभोवतीची पुढची शोधसूत्रे मीच रचलेली आहेत, तेव्हा खोट काढायला मोकळीक आहे. पहिले: ‘मदन थंड पडला, तरी पाळीवर हजर (४)’. वाचताक्षणी डोळ्यांपुढे शंकराचा तिसरा डोळा येतो आणि मन पुराणात शिरते. ते तिथून बाहेर काढणे हेच सोडवणाऱ्याचे काम. मदन म्हणजे काम, थंड म्हणजे गार, आणि पाळीवर हजर असतो तो कामगार. आता दुसरे उत्तर संभवतच नाही. उभ्या शब्दाची वाट पाहायची गरज उरत नाही. दुसरे: ‘टपरीवरच्या बोलीत चहाचा भाव, रात्री पांघरा (३)’. चा आणि दर, मिळून चादर. ‘चा’ हा शब्द प्रमाण मराठीत नाही, ही हरकत मला मान्य नाही, कारण ‘टपरीवरच्या बोलीत’ असे सूत्रातच सांगितले आहे. डी. एस. मॅकनट हे इंग्रजी कोडेकार झिमेनीझ या टोपणनावाने कोडी रचत. 1966 च्या पुस्तकातल्या त्यांच्या दंडकाचे सार हेच: सूत्रात एक नेमकी व्याख्या असावी, शब्दखेळाची प्रामाणिक खूण असावी, बाकी काही नसावे.

सगळ्यात वजनदार आक्षेप लिपीचा आहे. इंग्रजीत सुटी अक्षरे उलटसुलट करून नवा शब्द काढता येतो. आपल्याकडे एका चौकोनात व्यंजन, स्वर, कधी जोडाक्षर असे सगळे एकत्र बसते. हे खरे आहे, आणि त्याची किंमत रचणाऱ्याला मोजावी लागते. ‘कामगार’ आणि ‘यंत्रमाग’ हे शब्द एकमेकांना छेदू शकत नाहीत: एकात म, दुसऱ्यात मा, एकात गा, दुसऱ्यात ग. म्हणून मराठी कोड्यात काळे चौकोन जास्त पडतात. पण सोडवणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर हाच तोटा नफा ठरतो. दुसऱ्या घरात ‘त्र’ आला की उमेदवार झपाट्याने गळतात. इंग्रजीतल्या एखाद्या सुट्या अक्षराने इतके कधी कळत नाही. शिवाय अक्षरे उलटवण्याची सोय अगदीच गेलेली नाही. ‘सूत उलटे फिरवले, गजाचा चोविसावा भाग हाती आला (२)’, उत्तर तसू. आणि आपली खरी ताकद अक्षरांच्या सरमिसळीत नाहीच, ती पदे तोडण्यात आहे. ‘हाताकडे भीक घाल म्हण, कापड मिळेल (४)’ हे सूत्र हात आणि माग असे तुटते. ‘आंबट झाडांच्या रांगा, तरी जागा अरुंद (३)’ हे चिंच आणि ओळी असे. वसाहत अरुंद नाही, हे मान्य; कोड्याने भूगोलाशी प्रामाणिक राहायचा करार केलेला नसतो.

दुसरा आक्षेप असा की हा पंडितांचा खेळ, कारखान्याच्या फाटकाशी त्याचे काय काम? मला तर पंडिती दिसते ती पंकज-नीरजमध्ये. वरच्या सूत्रांना कोश लागत नाही, गिरणीत आणि शेतात बोलले जाणारे शब्द लागतात. ‘कानाला असते, शेताला देतात, कामगाराला चुकत नाही (२)’ हे पाळीचे सूत्र कुळव धरलेल्या माणसाला प्राध्यापकाच्या आधी सुटेल. ‘मराठी माणसाचा ताठा, चादरीत आडवा (२)’ याचे उत्तर ‘बाणा’ हे मागावर बसलेल्याला चटकन कळेल, कारण ताणा उभा आणि बाणा आडवा हे त्याला शिकवावे लागत नाही. सोलापूरला तर हे सांगायला नको. यमक, अनुप्रास आणि श्लेष यांची आतषबाजी करणारा शाहीर राम जोशी याच गावचा, आणि त्याच्या लावण्या फडावर ऐकल्या गेल्या, पाठशाळेत नव्हे. एकाहून जास्त भाषा एकाच रचनेत गुंफायचे कसबही त्याच्याकडे होते. मराठी, कानडी, तेलुगू, हिंदी एकाच पाळीत कानावर पडणाऱ्या मुलखात कोटी परकी ठरूच शकत नाही.

एक आक्षेप मात्र जुना आहे आणि त्याला कायद्याचा आधार आहे: शब्दकोडे म्हणजे जुगार. बक्षिसांच्या कोड्यांनी एकेकाळी असा धुमाकूळ घातला, की मुंबई सरकारने 1948 मध्ये त्यांवर नियंत्रण आणि कर बसवणारा कायदा केला. 1955 च्या केंद्रीय कायद्याने महिन्याला एक हजार रुपयांपलीकडच्या बक्षिसांना बंदी घातली. चमारबागवाला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1957 मध्ये अशा स्पर्धा जुगाराच्याच जातीच्या ठरवल्या. पण दोष कुठे होता? त्या जातीच्या कोड्यांत एकाच जागी दोन शब्द सारखेच शोभत, आणि त्यातला कोणता ‘बरोबर’ हे आयोजकाच्या मर्जीवर असे. तिथे कौशल्य उपयोगी पडत नाही, नशीबच लागते. ‘कामगार’ या उत्तराला आयोजकाची मर्जी लागत नाही. तेव्हा हा आक्षेप खरे तर माझ्याच बाजूची साक्ष देतो.

सोलापूरच्या दैनिकांनी रविवारच्या अंकात असे एखादे कोडे द्यावे, विषय आपल्याच जिल्ह्यातला धरावा. बक्षीस नको, फक्त पुढच्या आठवड्यात उत्तरासोबत फोडही छापावी. तोवर हे एक सोडवून पाहा: ‘हमालाला हुकूम दिला, की पगाराआधीच पैसे हाती (३)’.