दोन मिनिटांत सांगा, ही कला कशी?

पोस्ट लांब आहे. सवडीने वाचा. अर्धी वाचून कमेंट करू नका, एवढीच विनंती.

२०११च्या डिसेंबरात आपल्या गावात चित्रप्रदर्शन भरलं होतं. ड्रॉइंगचे सर म्हणून मला निवड समितीत घेतलं होतं. माझी एक जुनी विद्यार्थिनी तेव्हा मुंबईत पेंटिंग शिकत होती. तिने एक चारकोल ड्रॉइंग पाठवलं. पाठमोरी बसलेली म्हातारी बाई, अंगावर कपडा नाही. लाइफ क्लासमधला अभ्यास. जे.जे.मध्ये कॅप्टन ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी नग्न मॉडेल बसवून अभ्यास सुरू केला त्याला आता शंभर वर्षं होऊन गेली, म्हणजे यात नवल काहीच नव्हतं. मी ते निवडलं.

दुसऱ्या दिवशी तक्रार आली. संध्याकाळी समितीची बैठक. अध्यक्षांचा स्वर वाईट नव्हता, उलट ते मला संधीच देत होते. म्हणाले, "सर, तुम्ही जाणकार. दोन मिनिटांत सांगा, ही कला कशी? मी बाहेर जाऊन तेच सांगतो."

तीस वर्षं मुलांना एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसवलेला माणूस मी. तोंड उघडलं आणि निघालं काय, तर "ड्रॉइंग चांगलं आहे. रेषेवर पकड आहे." पुढे काही सुचेना. मग मीच उठलो, ड्रॉइंग उतरवलं, वर्तमानपत्रात गुंडाळलं. रात्री तिला फोन केला. ती रागावली नाही. तिने विचारलं, "सर, तुम्ही काय म्हणालात त्यांना?" मी सांगितलं. ती म्हणाली, "एवढंच?"

हे 'एवढंच' डोक्यातून जाईना. रिटायर झाल्यावर मी चित्रं काढण्यापेक्षा चित्रांबद्दल वाचायला लागलो. मुख्यतः खटले. कारण कोर्टात माणसाला बोलावंच लागतं.

पहिला लंडनचा, १८७८ सालचा. जॉन रस्किन हे नाव आपल्याला गांधीजींमुळे ठाऊक असतं. 'अनटू धिस लास्ट' वाचून त्यांनी 'सर्वोदय' लिहिलं, तोच हा रस्किन. पण इंग्लंडात तो आधी कलासमीक्षक म्हणून मोठा. टर्नर या चित्रकाराची टवाळी चालली होती तेव्हा हा पोरगा त्याच्या बाजूने लिहायला बसला, आणि १८४३ साली 'मॉडर्न पेंटर्स'चा पहिला खंड आला. धुकं, वाफ, उजेड यांकडे बघायचं कसं हे त्याने लोकांना शिकवलं. आणि याच माणसाने १८७७ साली व्हिसलर नावाच्या चित्रकाराचं रात्रीच्या आतषबाजीचं चित्र पाहिलं आणि लिहिलं की लोकांच्या तोंडावर रंगाचा डबा फेकून वर दोनशे गिनी मागणारा असा उद्धटपणा मी कधी पाहिला नव्हता. व्हिसलरने अब्रूनुकसानीचा दावा लावला.

उलटतपासणीत व्हिसलरला विचारलं गेलं, हे काढायला किती वेळ लागला? दीडदोन दिवस. मग दोन दिवसांच्या कामाचे दोनशे गिनी? त्याने सांगितलं की पैसे त्या दोन दिवसांचे नाहीत, आयुष्यभर जे कमावलं त्या जाणतेपणाचे आहेत. (घराचा प्लॅन किंवा दुकानाची पाटी करून घेताना "अर्ध्या तासाचे एवढे?" म्हणणाऱ्या मंडळींनी हे वाक्य ऐकून ठेवायला हरकत नाही.) व्हिसलर जिंकला. भरपाई मिळाली एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी. आपल्याकडे दमडी म्हणतात तशी. खर्च ज्याचा त्याने सोसायचा. पुढच्याच वर्षी त्याचं दिवाळं निघालं.

मला मात्र व्हिसलरपेक्षा रस्किनचं वाईट वाटतं. टर्नरसाठी भांडलेल्या माणसाला पस्तीस वर्षांनी त्याच वळणावरचं चित्र दिसू नये? तो आजारी होता, हे खरं. पण आजारी नसलेले रस्किन आपल्याकडेही पुष्कळ आहेत. तरुणपणी बंडखोर, साठीला चौकीदार. मी स्वतः पन्नाशीतच झालो.

दुसरा खटला न्यूयॉर्कचा. १९२६ साली ब्रांकुसीचं 'बर्ड इन स्पेस' हे ब्राँझचं शिल्प बोटीने आलं. चकचकीत, लांबट, मध्ये किंचित फुगीर. चोच नाही, पंख नाहीत. कायद्याप्रमाणे शिल्पावर कर नव्हता. कस्टम्सवाल्यांनी हे शिल्पच नाही म्हणून स्वयंपाकाची भांडी आणि दवाखान्याचं सामान या वर्गात ते टाकलं आणि ४० टक्के कर लावला. हसू नका. त्यांचंही एक म्हणणं होतं. शिल्प म्हणजे निसर्गातल्या वस्तूची नक्कल, असा जुना निवाडा त्यांच्यापुढे होता.

हे शिल्प स्टायकेन या फोटोग्राफरने विकत घेतलेलं. साक्षीला उभा राहिल्यावर त्याला विचारलं, जंगलात दिसलं असतं तर पक्षी समजून गोळी झाडली असती का? तो नाही म्हणाला. पण त्याच्यामागे इतर साक्षीदार होते. शिल्पकार एपस्टाइन, ब्रुकलिनच्या म्युझियमचे संचालक, वर्तमानपत्रात लिहिणारे समीक्षक. याचा तोल बघा, याची रेषा बघा, हा पक्षी नसून उडणं आहे, असं त्यांनी कोर्टात उभं राहून सांगितलं. १९२८ साली निकाल ब्रांकुसीच्या बाजूने लागला. एक नवं कलापंथ तयार झालेला आहे, आम्हाला तो आवडो न आवडो, त्याची दखल घ्यावी लागेल, असा न्यायाधीशांचा सूर होता.

हे शब्द त्या साक्षीदारांकडे आले कुठून? आदल्या वीस-पंचवीस वर्षांत कुणीतरी ते घडवून ठेवले होते. क्लाइव्ह बेलने १९१४ साली 'आर्ट' हे पुस्तक लिहून सांगितलं होतं की चित्रात काय दाखवलंय यापेक्षा रेषा आणि रंग एकमेकांशी कसे नातं जोडतात ते बघा. पटो न पटो, बोलायला एक भाषा मिळाली.

ती भाषा मराठीतही आली होती, आणि मला ड्रॉइंगच्या कोर्समध्ये कुणी सांगितली नाही! मर्ढेकर आपण कवी म्हणून वाचतो. त्यांचं 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) किती ड्रॉइंगच्या सरांनी उघडलंय? संवाद, विरोध, समतोल, या तीन शब्दांत त्यांनी बघायची एक रीत दिली. आणि रचनेवर एवढा भर देणाऱ्या या माणसाच्या कवितांवरच अश्लीलतेचा खटला झाला. सुटले, पण झाला.

मुंबईत १९५४ साली अकबर पदमसींच्या जहांगीरमधल्या प्रदर्शनात पोलीस आले. 'लव्हर्स' ही चित्रं काढा म्हणाले. पदमसींनी काढली नाहीत. खटला लढले आणि सुटले. मी एका फोनवर ड्रॉइंग उतरवलं.

आणि हे सगळं जुनं झालं म्हणावं तर ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे काय होतं? कस्टम्सने अश्लील म्हणून जप्त केलेल्या ७ कलाकृती. आपल्या गोव्याच्या सूझांच्या आणि त्याच पदमसींच्या. न्यायालयाने त्या सोडायला सांगितल्या. नग्नता दिसली म्हणजे अश्लीलता झाली असं नाही, आणि जाणकारांची मतं समोर असताना अधिकाऱ्याने ती बाजूला सारली, यावर न्यायालयाने बोट ठेवलं. बातमी वाचताना मी तिथेच थांबलो. जाणकारांची मतं तिथे कागदावर होती. आमच्या बैठकीत जाणकार मी होतो, आणि कागद कोरा.

म्हणून यंदा उन्हाळ्यात बसलो आणि त्या ड्रॉइंगवर दोन पानं लिहिली. फोटो होता माझ्याकडे. त्यातलं थोडं इथे देतो:

'बाई बसली आहे, पण विसावलेली नाही. उजवा खांदा खाली गेलाय, कारण सगळा भार त्या हातावर आहे. मणके मोजता येतात, पण मोजलेले नाहीत. मानेजवळ तीन ठळक आहेत आणि पुढचे उजेडात विरलेत. उजेड उजवीकडून येतो. पाठीच्या मधोमध कोळसा बोटाने पुसलाय, तिथे कातडी सैल वाटते. खाली स्टुलाची कड मात्र एका फटक्यात, जाड, काळी. त्या काळ्या रेषेमुळे वरचा सगळा नाजूकपणा सांडत नाही. ही नग्नता नजरेला बोलावत नाही. तासाच्या पैशावर बसलेल्या बाईचे पाय बधिर झालेत, हे कळतं.'

दोन मिनिटांच्या आत वाचून होतं. मी घड्याळ लावून पाहिलं.

तिला व्हॉट्सॲपवर पाठवलं. ती आता स्वतः शिकवते. दोन दिवस उत्तर नाही. मला वाटलं, झालं, फार उशीर झाला. मग रात्री मेसेज आला: "सर, वाचलं. त्या मावशी गेल्या चार वर्षांपूर्वी. एक दुरुस्ती, उजेड डावीकडून होता. उजवीकडे पत्र्याचं कपाट होतं, त्याची तिरीप पडली होती पाठीवर. तुमचं तसंच राहू दे किंवा बदला."

बदललंय. वरच्या उताऱ्यात चूक मुद्दाम तशीच ठेवली आहे.

डिसेंबरात पुन्हा प्रदर्शन आहे, त्याच सभागृहात. ते ड्रॉइंग येतंय. शेजारी माझी दोन पानं लावायची परवानगी मागितली आहे, अजून 'बघू' असं उत्तर आहे. पानं लागोत न लागोत, मी रोज चार वाजल्यापासून तिथे खुर्ची टाकून बसणार आहे. ज्यांना तक्रार करायची आहे त्यांनीही यावं. आधी माझ्याशी बोलावं.