तासाचा भाव

कोल्हापुरात मशिन शॉप काढणाऱ्याला गिऱ्हाईक शोधत लांब जावं लागत नाही, असं बाहेरून बघणाऱ्याला वाटतं. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या औद्योगिक वसाहतींत फाउंड्र्या ओळीनं उभ्या आहेत आणि ट्रॅक्टर, ट्रक, पंप यांचं कास्टिंग इथून सगळीकडे जातं. उसाला पाणी पाजायला ऑइल इंजिनं लागायची, त्या काळात शिवाजी उद्यमनगरातल्या मिस्त्र्यांनी त्यांचे सुटे भाग बनवता बनवता हा धंदा शहरात रुजवला. भट्टीतून निघालेलं कास्टिंग ओबडधोबड असतं; त्याला सपाटी, भोकं, आटे आणि नेमकी मापं मिळतात ती मशिन शॉपमध्ये. माझ्या धाकट्या भावानं असं एक शॉप शिरोलीजवळच्या भाड्याच्या गाळ्यात सुरू केलं. मी बी.कॉम. झालेली, त्यामुळे हिशेबाच्या वह्या पहिल्यापासून माझ्याकडे आल्या.

तो आयटीआय झालेला मशिनिस्ट. बरीच वर्षं दुसऱ्याच्या शॉपमध्ये व्हीएमसीवर, म्हणजे उभ्या स्पिंडलच्या मशिनिंग सेंटरवर, सेटिंग करत होता. कोणत्या कंपनीचं यंत्र घ्यायचं, कंट्रोलर कोणता, टेबल केवढं, हे सगळं त्याच्या डोक्यात पक्कं होतं. उद्यमनगरातल्या एका जुन्या मिस्त्रींकडे तो सल्ल्याला गेला तेव्हा त्यांनी यातलं काहीच विचारलं नाही. "मशिन काय, बँक देतीया. तासाला किती पडतंय ते काढलंस का?" एवढंच म्हणाले.

त्या रात्री आम्ही दोघं कागद घेऊन बसलो. यंत्र ३० लाखांचं. त्यातले ५ लाख घरचे, २५ लाख बँकेचे. साडेदहा टक्के व्याजानं पाच वर्षांच्या मुदतीत महिन्याचा हप्ता ५४ हजारांच्या आसपास. दोन पाळ्यांच्या दोन ऑपरेटरांचे ३६ हजार, भाडं १५, वीज २०, इन्सर्ट-ड्रिल-कूलंट आणि किरकोळ दुरुस्ती मिळून २५. बेरीज दीड लाख. महिन्याचे २५ दिवस, रोज १६ तास, म्हणजे ४०० तास. तासाला ३७५ रुपये. फाउंड्रीकडून भाव मिळणार होता ४५०. भावाचा चेहरा खुलला.

मग मी विचारलं, चारशेच्या चारशे तास टूल धातू कापत असतं का? त्यानं मान हलवली. जॉब बदलला की सेटिंगला अर्धी पाळी जाते. ड्रिल मोडतं, कास्टिंगची गाडी उशिरा येते, सोमवारी वीज जाते, पहिला नग तपासून होईपर्यंत मशिन उभंच असतं. तासांपैकी ७० टक्के धरले तर उरतात २८०, आणि तासाचा खर्च होतो ५३६. साडेचारशेच्या भावानं दीड लाख निघायला ३३३ तास कटिंग व्हायलाच हवं. त्यात त्याचा स्वतःचा पगार कुठेच नव्हता.

शॉपचा पुढचा सगळा आराखडा या एका आकड्यावरून ठरला. मोठ्या टेबलाचा आग्रह भावानं सोडला आणि वाचलेले पैसे फिक्श्चरवर घातले, एका लोडिंगमध्ये चार नग बसतील असं. दर महिन्याला तेच तेच जॉब देणारी फाउंड्री त्यानं आधी पक्की केली, तिचं लेखी शेड्यूल घेतलं आणि मगच बँकेत प्रोजेक्ट रिपोर्ट दिला. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी २००० सालापासून सरकारची पतहमी योजना आहे. तिच्यात कर्ज बसलं आणि आईच्या नावावरचं घर तारण ठेवावं लागलं नाही. घरात सगळ्यांना शांत झोप लागली ती यामुळे.

या भागात धंद्याची गोष्ट निघाली की लक्ष्मणराव किर्लोस्करांचं नाव निघतंच. बेळगावात १८८८ मध्ये सायकलींच्या दुकानापासून सुरुवात, मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. लोखंडानं जमीन नासते या समजुतीपायी पहिले नांगर दोन वर्षं पडून राहिले. पुढे १९१० मध्ये औंध संस्थानात कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. मला त्या दोन वर्षांचं फार वाटतं. जॉबवर्क करणाऱ्या शॉपला बाजार घडवावा लागत नाही हे खरं, पण हप्ता सुरू झाल्यावर त्याला दोन महिनेसुद्धा थांबता येत नाही.

यंत्र हायड्रा क्रेननं उतरवलं, लेव्हल झालं, अर्थिंग तपासलं आणि पहिला नियमित जॉब लागला तो बेअरिंग हाउसिंगचा. ६२ मिलिमीटरचं बोअर, टॉलरन्स एच ७, म्हणजे माप शून्य ते अधिक ३० मायक्रॉनच्या आतच हवं. कास्ट आयर्न कोरडंच कापत होते, त्यामुळे नग मशिनवरून निघताना चांगला गरम असायचा. १५ अंशांनी तापलेलं बिडाचं ६२ मिलिमीटरचं बोअर साधारण १० मायक्रॉन मोठं दाखवतं. टॉलरन्सचा एक तृतीयांश भाग तिथेच गेला. जगभर मापाचं प्रमाण तापमान २० अंश धरतात आणि कोल्हापुरात एप्रिलच्या दुपारी पत्र्याखाली किती असतं हे सांगायला नको. भावानं नियम घातला: नग पूर्ण गार झाल्याशिवाय बोअर गेज लावायचा नाही, आणि मास्टर रिंग नगांशेजारीच ठेवायची. ऑपरेटर मुलांना हे पाठ करायला लावलं नाही. गरम आणि गार अशी दोन्ही मापं त्यांच्याकडूनच घेऊन भिंतीवर लावली. आयटीआयमधून आलेल्या पोरांना 'का' कळलं की ती नियम मोडत नाहीत, असं तो म्हणतो, आणि मी ते बघितलं आहे.

सगळ्यांत जास्त जीव खाल्ला तो ब्लोहोलनं. तीन ऑपरेशनं होतात, चौथ्याला बोअरमध्ये पोकळी उघडी पडते आणि नग भंगारात जातो. कास्टिंग फाउंड्री बदलून देते, पण त्यावर खर्च झालेल्या मशिनिंगचे पैसे कोण देणार? छोट्या शॉपचा नफा इथेच जिरतो. भावानं दुसऱ्या ऑर्डरच्या वेळी दरपत्रकातच लिहून घेतलं: पोकळी ज्या ऑपरेशनला दिसेल तिथपर्यंतची मजुरी मिळेल. त्याच्या माहितीतले कितीतरी शॉपवाले हे मागायला कचरतात. माझ्या मते त्यांनी ते मागितलंच पाहिजे.

वसुलीचं तसंच. २००६ च्या कायद्यानं लेखी करार असला तरी सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल ४५ दिवसांत चुकवायचं असतं, करार नसेल तर १५ दिवसांत; उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट व्याज. प्रत्यक्षात तीन महिने थांबणारे आम्ही बघितले, कारण काम जाईल या भीतीनं तक्रार कोणी करत नाही. आयकरातल्या तरतुदीनं २०२३-२४ पासून थोडा फरक पडला आहे. मुदत उलटून गेलेली रक्कम चुकती होईपर्यंत गिऱ्हाइकाला खर्चात धरता येत नाही, म्हणून मार्च जवळ आला की फोन त्यांच्याकडूनच येतात. मी प्रत्येक बिलावर उद्यम नोंदणी क्रमांक ठळक छापते आणि तिसाव्या दिवशी आठवण पाठवते.

आता गाळ्यात दुसऱ्या यंत्राची चर्चा चालू आहे. टर्निंगचं काम बाहेर द्यावं लागतं, तिथं नग दोन-दोन दिवस अडकतात, म्हणून भावाला सीएनसी लेथ हवाय. मी कटिंगच्या तासांचं रजिस्टर पुढे ठेवलं. गेल्या तिमाहीत एकही महिना ३४० तासांच्या खाली गेलेला नाही. लेथचं कोटेशन मागवलंय आणि फाउंड्रीकडे टर्निंगच्या लेखी शेड्यूलची मागणी गेली आहे.