रेष सोडून सगळं

झरीना हाश्मी हे नाव मला २०२३ साली गूगलच्या डूडलमुळे कळलं. (हल्ली कलेची ओळख अशीच होते, काय करणार.) वाचत गेले तर बाईंची पदवी गणिताची निघाली! जन्म १९३७, अलिगढ. पुढे पॅरिसमध्ये हेटर यांच्या 'अटेलिए १७'मध्ये एचिंग, टोकियोत लाकडी ठशांचं तंत्र, मग न्यूयॉर्क. गणित मात्र हातातून गेलं नाही. घरांचे आराखडे, नकाशे, काळ्या रेषा; बाकी कागद मोकळा.

मी अडकले ती 'डिव्हायडिंग लाइन'पाशी. २००१ सालचा वुडकट. कागदावर एकच वेडीवाकडी काळी रेष: भारत-पाकिस्तानची सीमा.

माझं काम नकाशांच्या सॉफ्टवेअरचं. आमच्याकडे सीमा म्हणजे अक्षांश-रेखांशांची यादी. जाडी बदला, रंग बदला, एका ओळीचं काम. रॅडक्लिफ यांनाही जेमतेम पाच आठवडे लागले होते.

वुडकटमध्ये असं चालत नाही. शाळेत भेंडीचे ठसे मारलेत ना? जे उरतं त्यालाच रंग लागतो. म्हणजे लाकडावर काळी रेष हवी असेल तर रेष कोरायची नाही, तिच्या दोन्ही बाजूंचं लाकूड काढून टाकायचं. झरीनांनी तेच केलं. रेषेला हातही न लावता आजूबाजूचा सगळा मुलूख खरवडला. हत्यारातून सुटलेले लाकडाचे बारीक कंगोरे दोन्हीकडे काळे ठिपके होऊन उमटलेत. ते त्यांनी साफ केले नाहीत. मला चित्रात रेषेपेक्षा तेच जास्त दिसतात.

त्यांचं कुटुंब १९५९ मध्ये कराचीला गेलं. तिथून बहीण राणी उर्दूत पत्रं लिहायची: आईवडील गेल्याची, घर विकल्याची. लिहायची, पण टपालात टाकायची नाही. पुष्कळ वर्षांनी ती झरीनांच्या हाती आली आणि २००४ मध्ये त्यांतून 'लेटर्स फ्रॉम होम' हा आठ मुद्राचित्रांचा संच झाला. राणीच्या अक्षरांवर घरांचे आणि शहरांचे काळे आराखडे.

मला उर्दू येत नाही. मी फोन आडवा धरते, झूम करते. आधी भिंती बघते, मग त्यांच्या आडून दिसणारं राणीचं अक्षर.