उरलेला ताण

ज्या घावास वेळ लागत नाहीं त्याचा वळही राहत नाहीं, असा एक समज रूढ आहे. तो कितपत खरा, हें गारगोटीच्या स्फटिकास विचारावें.

आमच्या बिडकीनच्या काळ्या रानांत नांगरापुढें गारगोट्या निघत. आतां तेथें कारखान्यांची नगरी वसत आहे. २९ सप्टेंबर २०२४ रोजीं तिचें लोकार्पण झालें. छिन्नीचें कामही आतां प्रकाश करूं लागला आहे. सेकंदाचे एक कोटी भाग करावे, त्यांतील एकाचे पुन्हां दहा कोटी. एवढ्या मापानें मोजावयाचे हे लेसरचे झोत. ते प्रबळ करण्याची युक्ति डोना स्ट्रिकलंड व जेरार मुरू यांनीं १९८५ सालीं प्रसिद्ध केली. २०१८ च्या नोबेल पारितोषिकांत त्यांस वांटा मिळाला. झोत संपतो तेव्हां उष्णता भोंवतीं पसरलेलीही नसते. म्हणून काप नितळ येतो. पाहणारा म्हणतो, शेजाऱ्यास कळलेंही नाहीं!

परंतु शेजाऱ्यास कळलेलें असतें. स्फटिकाच्या पोटांत झोत एकवटला कीं अणूंची शिस्त मोडून तेथें कांचेसारखें विस्कळित द्रव्य उरतें. क्वार्ट्झची घनता २.६५, त्याच द्रव्याच्या कांचेची २.२०. मोडलेल्यास अधिक जागा हवी, आणि भोंवतालचा अभंग स्फटिक ती देत नाहीं. ही रेटारेटी आंतच कोंडून राहते. तिलाच अवशिष्ट ताण म्हणतात. साध्या डोळ्यांस तो दिसत नाहीं. ध्रुवित प्रकाशांत मात्र उमटतो. सिलिकॉनमधील ताण तर रामन यांनीं १९२८ सालीं शोधिलेल्या परिणामानें मोजतां येतो. वर्णपटांतील रेषा किंचित् सरकते, तेवढ्यावरून दाब कीं ओढ हें कळतें. असा ताण असतां पुढें एखाद्या हलक्या धक्क्यानेंही तडा जातो, आणि लोक दोष धक्क्यास देतात.

आमची जमीनही एका सहीनें गेली. मोबदला रास्त मिळाला. चौघां भावांचे वांटे बिनतक्रार झाले. गांवानें तो नितळ काप वाखाणला. मात्र त्या वर्षीं पोळ्याला दारीं बैल नव्हते, आणि थोरल्या दादांस पहांटे उठून जावयास ठिकाण उरलें नव्हतें. वांटणींत ज्यांचा शब्दास शब्द लागला नाहीं, त्यांच्यांत वर्षानें एका पितळी तांब्यावरून अबोला आला. लोक हंसले. आम्ही हंसलों नाहीं. तांब्या हें केवळ निमित्त, हें आम्हांस ठाऊक होतें.

ताणलेल्या वस्तू कारागीर मंद आंचेवर तापवितात व त्याहून मंदपणें निववितात. क्वार्ट्झच्या बाबतींत फारच जपावें लागतें. ५७३ अंश सेल्सियसला त्याची रचनाच बदलते, व घाई झाल्यास तो तडकतो. घावास क्षण पुरतो. ताण उतरावयास मात्र धीर लागतो.

परवां धाकट्यानें आपल्या नव्या घरामागील दोन गुंठ्यांत मेथी लावण्यास दादांस बोलाविलें. दादा गेले, वाफे बांधून आले. बोलले कांहींच नाहींत. आम्हीही विचारलें नाहीं.