४५ वर्षांनी चौथा

सांताना या बँडचा २०१६च्या एप्रिलमध्ये अल्बम आला आणि त्याचं नाव होतं, 'सांताना' आणि पुढे रोमन आकड्यातला चार. तोवर या नावानं वीसहून जास्त अल्बम येऊन गेले होते. त्यात १९९९चा 'सुपरनॅचरल'ही होता, ज्याच्या जगभरात कोट्यवधी प्रती खपल्या. असं असताना चौथा कसा? कारण मोजणी १९७१ पासून पुढे सुरू केली होती. त्या वर्षी आलेला अल्बम तिसरा, म्हणून हा चौथा. मधली ४५ वर्षं, मधले सगळे अल्बम, मधले सगळे पुरस्कार मोजणीबाहेर. हा आकडा माझ्या डोक्यातून जाईना. बँडचा गिटारवादक कार्लोस सांताना यानं स्वतःच्याच कारकिर्दीचा एवढा मोठा तुकडा बाजूला ठेवून म्हणावं की तो वेगळा बँड होता, हा वेगळा आहे! मला हे म्हणणं खरं वाटतं. नाव एकच असलं तरी बँड दोन होते, आणि २०१६ साली जो परत आला तो पहिला होता. एखाद्या वाद्यवृंदाचा नाद त्याच्या नावात नसतो, सगळ्यात मोठ्या वादकाच्या बोटांतही नसतो. ठरावीक माणसांना एकमेकांच्या मध्ये घुसायची, एकमेकांना अडवायची सवय लागलेली असते, तिच्यात तो असतो. ही सवय आपण समजतो त्यापेक्षा फार चिवट असते.

पहिला पुरावा जुनाच आहे. या बँडची पहिली मोठी गाणी कोणाची होती ते पाहा. 'ईव्हिल वेज' विली बोबोच्या वाद्यवृंदानं १९६७ साली आधीच वाजवलेलं. 'जिंगो' नायजेरियातून अमेरिकेला शिकायला गेलेल्या बाबातुंदे ओलातुंजीच्या १९६०च्या अल्बममधलं. 'ब्लॅक मॅजिक वुमन' फ्लीटवूड मॅकच्या पीटर ग्रीनचं. 'ओये कोमो वा' न्यूयॉर्कच्या टिटो पुएंतेचं, आणि त्याची सुरुवातही क्यूबाच्या काचाओनं आधी रचलेल्या एका तुकड्याशी थेट नातं सांगणारी. म्हणजे शब्द उसने, चाली उसन्या, ताल तर कित्येक पिढ्यांचे. तरीही पहिल्या चार मापांतच कळतं की हे कोण वाजवतंय. पुएंतेकडे जी जागा बासरी आणि पितळी वाद्यांची होती, तिथे ग्रेग रोलीचा हॅमंड ऑर्गन जाडजूड, किंचित खरखरीत सूर धरून बसतो. कार्लोसची गिटार त्या सुरावर रेलते आणि खालून मायकेल कॅराबेलोच्या कोंगा, चेपितो आरेआसचे टिंबाले आणि मायकेल श्रीव्हचे ड्रम हे तिघं एकच जागा तीन बाजूंनी भरत असतात. डेव्हिड ब्राउनचा बास या गर्दीत फार कमी बोलतो, आणि म्हणूनच ती गर्दी कोसळत नाही. यांतलं एकही वादन एकटं काढून ऐकलं तर थोर वाटेल असं मी म्हणणार नाही. १९६९च्या ऑगस्टमध्ये वूडस्टॉक महोत्सवाच्या मंचावर ही पोरं उभी राहिली तेव्हा त्यांचा पहिला अल्बम बाजारात यायचा होता, श्रीव्ह अवघा वीस वर्षांचा होता, आणि समोरच्या लाखोंपैकी बहुतेकांनी त्यांचं नावही ऐकलेलं नव्हतं. लोकांना पकडलं ते या मध्ये घुसण्यानं.

नंतरच्या काळानं तर जणू प्रयोगच मांडून दिला. तिसऱ्या अल्बमच्या वेळी नील शॉन हा सतरा वर्षांचा दुसरा गिटारवादक आत आला, अल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला आणि त्याच सुमारास बँड आतून फुटला. अमली पदार्थ, पैसा, कोण कोणाला बाहेर काढतो यावरून भांडणं. कॅराबेलो बाहेर पडला. १९७१च्या डिसेंबरात पेरूच्या लष्करी सरकारनं त्यांना कार्यक्रम न होऊ देताच परत पाठवलं आणि त्यानंतर जुनी घडी राहिली नाही. १९७२च्या 'कॅराव्हॅनसराय'मध्ये कार्लोस आणि श्रीव्ह जॅझकडे वळले. रोली आणि शॉन बाहेर पडून 'जर्नी' या बँडमध्ये गेले. कार्लोस बंगालमध्ये जन्मलेल्या आणि न्यूयॉर्कला स्थायिक झालेल्या श्री चिन्मय या आध्यात्मिक गुरूंचा शिष्य झाला, 'देवदीप' हे नाव त्यानं घेतलं आणि जॉन मॅक्लॉफ्लिन, अ‍ॅलिस कोल्ट्रेन यांच्याबरोबर वाजवू लागला. ते संगीत मला मनापासून आवडतं. पण त्यात गिटार एकटी वर जाते. तिला खाली ओढणारं, थांब म्हणणारं कोणी नाही. 'सुपरनॅचरल'मध्ये तर बहुतेक गाण्यांना वेगवेगळे पाहुणे, वेगवेगळे निर्माते. तिथे कार्लोसची गिटार आधीच बांधलेल्या गाण्याला उत्तरं देते, आणि सुरेख देते, पण प्रश्न विचारत नाही. नाव होतं, माणसं नव्हती. याच्या उलट प्रयोग १९९७ साली झाला होता. रोली, शॉन, श्रीव्ह, कॅराबेलो आणि आरेआस एकत्र आले आणि 'अब्राक्सस पूल' नावानं त्यांनी अल्बम काढला. माणसं होती, फक्त कार्लोस नव्हता. तो अल्बम फारसा कोणाच्या कानावर पडला नाही. वाद्यमेळ ओळखीचा वाटतो, पण सगळे जिच्या विरोधात जोर लावायचे ती रेघच तिथे नाही. तेव्हा कार्लोस हाच बँड होता असंही नाही आणि त्याच्यावाचून बँड होता असंही नाही.

आता २०१६च्या अल्बमकडे. त्याचं पहिलंच गाणं आहे 'यांबू', आणि इथे मला जरा रेंगाळायचंय. यांबू हा क्यूबाच्या रुम्बाचा एक प्रकार. रुम्बा म्हणजे आपल्याला नाचाच्या स्पर्धांत चकचकीत कपड्यांत दिसतो तो नव्हे. हा रुम्बा हवाना आणि मातान्सास या बंदरांच्या वस्त्यांत, गोदीकामगारांच्या आणि गुलामगिरीतून सुटलेल्यांच्या अंगणात वाढला. ढोल हाताशी नसले, किंवा ढोलांवर बंदी आली, की लोक लाकडी खोकी वाजवत. सुक्या माशांची आणि मेणबत्त्यांची रिकामी खोकी त्यासाठी वापरली जात असं सांगतात. दोन जाड काठ्या एकमेकींवर आपटून क्लाव्हे धरायचा: एका मापात तीन ठोके, दुसऱ्यात दोन. बाकी सगळ्यांनी या पाच ठोक्यांना धरून आपापली वाट काढायची. या रुम्बाचे मुख्य प्रकार तीन. कोलम्बिया हा सगळ्यात वेगवान, एकट्या पुरुषानं कसरतीसारखा नाचायचा. ग्वाग्वांको मधल्या चालीचा, स्त्री-पुरुषांच्या पाठशिवणीचा. आणि यांबू सगळ्यात संथ, वयस्कांचा मानला गेलेला. यांबू नाचताना तरुणही कमरेत वाकतात, गुडघे जड झाल्यासारखं पाऊल टाकतात. म्हातारपण इथे लपवायचं नसतं, तोच नाचाचा विषय. पण संथ म्हणजे सैल नव्हे. उलट वेग कमी झाला की दोन ठोक्यांमधलं अंतर उघडं पडतं आणि तिथे चूक लपत नाही. हेच ताल क्यूबाहून न्यूयॉर्कला गेले, तिथून सॅन फ्रान्सिस्कोला. ढोल वाजवणारे तिथे उघड्यावर, अ‍ॅक्वाटिक पार्कच्या काठाला जमत, आणि कॅराबेलोचा हात अशा मेळ्यांत तयार झाला, कुठल्या शाळेत नाही. कार्लोस मेक्सिकोच्या हालिस्को प्रांतातल्या औत्लानचा, वडील मारियाची पथकात व्हायोलिन वाजवणारे, स्वतः वाढला तिहुआनाच्या क्लबांत ब्लूज वाजवत. क्यूबा त्याच्याही घरचं नव्हतं. चेपितो निकाराग्वातून आलेला. म्हणजे ज्या संगीताला जगानं 'लॅटिन रॉक' म्हटलं, ते वाजवणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तो ताल बाहेरून, ऐकून, एकमेकांकडून उचललेला होता. तालांच्या या प्रवासातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. १९७१च्या ६ मार्चला घानाच्या स्वातंत्र्यदिनी आक्रा शहरात रात्रभर मोठा कार्यक्रम झाला. विल्सन पिकेट, आइक आणि टीना टर्नर, स्टेपल सिंगर्स अशी मंडळी अमेरिकेहून आली होती आणि त्यांत सांतानाही होते. ज्या किनाऱ्यावरून माणसं गुलाम म्हणून पलीकडे नेली गेली, त्या किनाऱ्यावर त्यांचे ताल क्यूबा आणि कॅलिफोर्निया फिरून विजेच्या गिटारीसकट परत आले. चेपितो त्या वेळी मेंदूतल्या रक्तस्रावामुळे अंथरुणाला खिळलेला होता. त्याच्या जागी टिंबाले वाजवायला आला विली बोबो, ज्याच्या वाद्यवृंदाकडून या पोरांनी आपलं पहिलं गाजलेलं गाणं घेतलं होतं. त्या रात्रीचं चित्रीकरण आहे. ते पाहताना कोण मूळ आणि कोण उसनं हा प्रश्न माझ्यापुरता तरी गळून पडतो.

२०१६चं 'यांबू' काही शास्त्रोक्त यांबू नाही. त्यात विजेच्या गिटारी आहेत, ऑर्गन आहे, रॉकचा दणका आहे. पण अल्बम काढला तेव्हा कार्लोस, रोली आणि कॅराबेलो अडुसष्ट वर्षांचे, श्रीव्ह सहासष्टचा आणि शॉन बासष्टचा होता, आणि त्यांनी दार उघडलं ते वयस्कांच्या नाचाच्या नावानं. 'एनिव्हेअर यू वाँट टू गो' या रोलीच्या गाण्यात मला माझ्या म्हणण्याचा सगळ्यात स्पष्ट पुरावा सापडतो. आवाज जरा खाली उतरलेला, पण ऑर्गन जिथे थांबतो नेमकी तिथेच गिटार आत येते, आणि दुसरी गिटार तिला ओळ पुरी करू देत नाही. कार्लोस लांब सूर धरून ठेवणारा, शॉन झरझर स्वर मोकळे करणारा. जर्नीतल्या इतक्या वर्षांत शॉनला असं कोणी थोपवलं नव्हतं आणि कार्लोसच्या सुरात असं कोणी तोंड घातलं नव्हतं. तालीम करून हे येत नाही, कारण तालीम सौजन्य शिकवते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: हा जुन्या आठवणींचा बाजार आहे. अल्बम अमेरिकेच्या यादीत पाचव्या क्रमांकावर गेला, तेव्हा बाजार होता हे मान्यच. पण कार्लोसला त्याची गरज नव्हती, शॉनला तर मुळीच नव्हती. पुन्हा एकत्र येऊ या ही कल्पना शॉनची होती, आणि एकट्या तुझ्याबरोबर कशाला, सगळ्यांनाच बोलावू, असं कार्लोसनं म्हटलं. पैशासाठी आलेली माणसं सहसा जुनी गाणी वाजवतात. यांनी सोळा नवे तुकडे बांधले. दुसरा आक्षेप अल्बमच्या लांबीचा, आणि तो मला पूर्ण मान्य आहे. १९७१चा अल्बम चाळिसेक मिनिटांचा होता, कारण रेकॉर्डच्या एका बाजूवर सहसा वीस-बावीस मिनिटांपलीकडे भरत नसत. हा पंचाहत्तर मिनिटांचा आहे. जागा मिळाली की माणूस ती भरतो. 'फिल्मोर ईस्ट' या तुकड्यात त्यांनी आपल्याच तरुणपणाची नक्कल केली आहे असं मला वाटतं, आणि असे तीन-चार तुकडे गाळले असते तर अल्बम थोर झाला असता. रोनाल्ड आयझली दोन गाण्यांत गातो, सुंदर गातो, पण पाहुणा म्हणूनच. ही गाणी मला 'सुपरनॅचरल'च्या घरातली वाटतात.

तिसरा आक्षेप मात्र जड आहे, आणि तो माझ्याच म्हणण्यातून निघतो. बँड म्हणजे ठरावीक माणसांची सवय असेल, तर मग ती सगळी माणसं इथे आहेत कुठे? डेव्हिड ब्राउन २००० साली गेला. चेपितो आरेआस या अल्बमवर नाही. बासवर आहे बेनी रीटवेल्ड, जो माइल्स डेव्हिसबरोबर वाजवलेला आहे, आणि टिंबाल्यांवर कार्ल पेराझ्झो. दोघंही कार्लोसच्या नंतरच्या बँडचे, दोघंही पक्क्या हाताचे. पेराझ्झो तर क्लाव्हेवर चेपितोपेक्षाही अचूक उभा असतो. पण चेपितो टिंबाल्यांवर ज्या आडनिड्या जागी उडी घ्यायचा आणि श्रीव्हला दचकवून पुन्हा मापात आणायचा, ती उडी या अल्बममध्ये एकदाही ऐकू येत नाही. म्हणून मी एवढंच म्हणेन की ही सवय अर्धीमुर्धी टिकली. ऑर्गन आणि दोन गिटारींमधली जवळजवळ जशीच्या तशी, तालवाद्यांमधली थोडीफार. ब्राउनचं कमी बोलणं तर कायमचं गेलं. असं विभागून सांगता येतं याचाच अर्थ, जे परत आलं ते काही एक धूसर वातावरण नव्हतं. अमक्या दोघांमधलं आलं, तमक्या दोघांमधलं आलं नाही.

सहाही मूळ वादकांची नावं एकत्र पुकारली गेली ती १९९८ साली, रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्यांना घेतलं तेव्हा. त्याच रात्री फ्लीटवूड मॅकलाही तो मान मिळाला, आणि पीटर ग्रीन बऱ्याच वर्षांच्या आजारपणानंतर तिथे आला होता. तो आपल्या जुन्या बँडबरोबर मंचावर वाजवायला उभा राहिला नाही. वाजवायला गेला सांतानाबरोबर, आणि वाजवलं 'ब्लॅक मॅजिक वुमन'. त्यानं स्वतः १९६८ साली बांधलं होतं त्या पद्धतीनं नाही, या लोकांनी १९७० साली सॅन फ्रान्सिस्कोत त्याचं जे केलं होतं, त्या पद्धतीनं.