देवळालीचा ताप

देवळाली कॅम्पात वाढणाऱ्या मुलाला आपल्या गावाची बरीच रूपं आहेत, हे लवकरच कळतं. घरात ते देवळाली. रेल्वेच्या हिंदी घोषणेत देवलाली, कारण हिंदीला ळ झेपत नाही. छावणीच्या इंग्रजी पाट्यांवर देओलाली. शिवाय देवळाली गाव वेगळं आणि देवळाली कॅम्प वेगळा, हे रिक्षावाल्याला आधीच बजावावं लागतं. इथं ज्याच्याविषयी लिहायचं आहे, त्याला गावाचं आणखी एक रूप कॉलेजात असताना इंग्रजी शब्दकोशात भेटलं. ‘डूलॅली’ म्हणजे चक्रम, डोकं फिरलेला. पुढे व्युत्पत्ती दिलेली: मुंबईजवळच्या देवळाली या लष्करी छावणीवरून.

त्याला आधी रागच आला. आपल्याकडे ‘याला ठाण्याला पाठवा’ किंवा ‘येरवड्याला न्या’ म्हणतात, ते तिथल्या मनोरुग्णालयांमुळे. देवळालीची ख्याती तर हवेसाठी. मुंबईचे पारशी आणि गुजराती पिढ्यान्‌पिढ्या इथं हवापालटाला येत आले, त्यांची सॅनेटोरियमं कॅम्पात आहेतच. सुट्टीत घरी आल्यावर त्यानं हा शब्द मावशीला सांगितला.

“लोक पैसे मोजून इथं बरं व्हायला येतात,” मावशी म्हणाली, “आणि त्या मेल्यांना इथंच वेड लागलं?”

मावशीचा प्रश्न बिनतोड होता. त्याचं उत्तर आगबोटींच्या वेळापत्रकात सापडतं.

१८६५ साली थळ घाटातून रेल्वे वर चढली आणि मुंबई बंदरात उतरलेल्या गोऱ्या सोजिरांना घाटमाथ्यावर आणणं सोपं झालं. देवळालीत थोडा मुक्काम करून ते आपापल्या पलटणींकडे रवाना होत. परतीची वाटही इथूनच. नोकरीची मुदत भरली की ठिकठिकाणचे सोजीर देवळालीत गोळा व्हायचे आणि बोटीची वाट बघायचे. गोम अशी, की फौजेची ने-आण करणाऱ्या बोटी साधारण थंडीच्या हंगामातच चालत. ज्याची मुदत हंगाम सरता सरता संपली आणि बोट हुकली, त्याचा उन्हाळा देवळालीत आणि पावसाळाही देवळालीतच.

या मुक्कामाचं चांगलं वर्णन फ्रँक रिचर्ड्सनं केलं आहे. हा रॉयल वेल्श फ्युझिलिअर्सचा साधा शिपाई, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशात होता. ‘ओल्ड सोल्जर साहिब’ हे त्याचं पुस्तक १९३६ साली आलं. तो सांगतो ते असं: या मंडळींकडे ना बंदूक, ना लढाईचं सामान. अधूनमधून कपडेलत्ते मांडून दाखवायचे, कधीमधी लांबची कवायती चाल करायची, बस्स. उरलेला दिवस अंगावर यायचा. वर्षानुवर्षं नाकासमोर चालून नोकरी केलेली माणसं इथं येऊन काहीतरी भलतंच करून बसत आणि घरी जाण्याऐवजी तुरुंगात जात. काहींना बाहेरख्यालीपणाचे रोग जडून इस्पितळ गाठावं लागे. कुणी विचित्र वागू लागला की शिपाई म्हणत, याला ‘डूलॅली टॅप’ झालाय. छावणीतल्या कंटाळ्यातूनच हा वाक्प्रचार निघाला असावा, असा रिचर्ड्सचा अंदाज आहे. शिक्षा भोगणाऱ्या कैद्याला निदान सुटकेची तारीख ठाऊक असते, हे लक्षात घेतलं तर तो पटतो.

यातला ‘टॅप’ म्हणजे आपला ताप. त्यांनी तो हिंदुस्थानीतून उचलला, अर्थ ज्वर. पण मराठी माणसाला तो जास्त चपखल लागतो, कारण ‘डोक्याला ताप’ हे आपण ज्वर नसतानाच म्हणतो.

१९२५ साली फ्रेझर आणि गिबन्स यांनी पहिल्या महायुद्धातल्या शिपायांच्या बोलीचा कोश छापला, त्यात ‘डूलॅली टॅप’ आहे. तोवर हिंदुस्थानात नोकरी केलेल्या शिपायांनी बरंच शब्दधन विलायतेला नेलं होतं. खुद्द ‘विलायती’चं त्यांनी ‘ब्लायटी’ केलं आणि तो शब्द मायदेशासाठी वापरला. ‘देखो’चं ‘डेको’ झालं. डूलॅलीचं नशीब जरा निराळं. पुढे त्याचा ताप गळून पडला, आणि तापाबरोबर त्यातलं दुखणंही. बोट हुकलेल्या माणसाची अवस्था सांगणारा शब्द विसरभोळ्या काकांना आणि तऱ्हेवाईक शेजाऱ्यांना चिकटला.

मग टीव्ही आला. बीबीसीवर १९७४ ते १९८१ या काळात ‘इट एन्ट हाफ हॉट मम’ ही विनोदी मालिका चालली. १९४५ सालच्या देवळालीतलं एक लष्करी नाटकमंडळ हा तिचा विषय. लेखकांपैकी जिमी पेरी स्वतः देवळालीच्या अशा मंडळात होता. पण चित्रीकरण सगळं इंग्लंडात, आणि रंगी राम हा हिंदुस्थानी नोकर रंगवला तो मायकेल बेट्स या गोऱ्या नटानं, चेहरा काळवंडून. बेट्सचा जन्म मात्र झाशीचा. आपल्या माणसानं पुढे लंडनला नोकरीत असताना या मालिकेचे काही भाग पाहिले. त्यातल्या देवळालीत त्याला ओळखीचं काहीच दिसलं नाही. ना द्राक्षांचे मळे, ना तोफखान्याच्या सरावाचे खिडक्या हादरवणारे आवाज.

त्याच्या कचेरीत हा शब्द फारसा कानावर पडत नसे, तरुण पोरं तर वापरतच नसत. एकदा हिशेब खात्यातली एक वयस्क बाई छपाईयंत्रावर वैतागून म्हणाली, हे पार डूलॅली झालंय. त्यानं सांगितलं, मी तिथलाच. तिला वाटलं, हा स्वतःच्या डोक्याविषयी बोलतोय. ती समजूतदारपणे हसली आणि त्याला चहा विचारला. नकाशा दाखवल्यावरही तिचा पुरता विश्वास बसला नसावा.

परत आल्यावर पुण्यात त्यानं तोच शब्द पाटीवर वाचला. २००९ साली इथं सुरू झालेल्या एका बिअर कारखान्याचं नाव डूलॅली, देशातल्या अशा छोट्या कारखान्यांतलं अगदी सुरुवातीचं. ते घेणाऱ्यांना देवळालीची गोष्ट माहीत असणार, कारण एरवी हा शब्द सुचायचा नाही. पुढे मुंबईतही त्यांच्या बैठकी निघाल्या, त्यांना नाव दिलं ‘डूलॅली टॅपरूम’. शंभर वर्षांपूर्वीचा टॅप असा पुन्हा शेजारी येऊन बसला, फक्त आता तो बिअरच्या तोटीचा आहे.